मैदान न दिसणाऱ्यांसाठी बोलताना: स्थानिक रेडिओवर खेळाचं समालोचन कसं सुरू करावं

गावच्या स्पर्धेत माईकवर तयार झालेलं पोरगं रेडिओवर आलं की पहिल्या पाच मिनिटांत हमखास एक वाक्य टाकतं: "काय पकड केलीय बघा! बघा, बघा!" मैदानावर हे शोभतं. गॅलरीत बसलेल्यांनी ती पकड पाहिलेली असते, निवेदक तिला फक्त टाळ्या मिळवून देतो. रेडिओ लावून भाकरी थापणाऱ्या बाईला मात्र कोणी कोणाला धरलं, कुठं धरलं, गुण कोणाच्या पदरात पडला, यातलं काहीच दिसत नाही. तिला 'बघा' म्हणून काय उपयोग?

हा लेख अशा पोरांसाठी आणि पोरींसाठी आहे. मीही त्याच वाटेनं आलो. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या कबड्डीच्या रात्री, जत्रेतली कुस्त्यांची मैदानं, टेनिस बॉलच्या स्पर्धा आणि मग रेडिओ. मैदानावर भीड चेपते, आवाज सुटतो, ते पुढं कामाला येतं. पण तिथल्या सवयींतल्या निम्म्या रेडिओवर विसराव्या लागतात. कोणत्या निम्म्या, तेच इथं सांगायचंय.

आधी, काम आहे कुठं?

रेडिओवर खेळ म्हणजे फक्त आकाशवाणीवरचं कसोटी सामन्याचं धावतं वर्णन, असा अजून अनेकांचा समज आहे. आकाशवाणी मोठी आहेच, पण तिथं जागा थोड्या आणि वाट लांबची. तिच्याकडं शेवटी येतो.

खासगी एफएमबद्दल एक गोष्ट नव्या मुलांना कोणी सांगत नाही. या स्टेशनांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आणि मोठ्या सामन्यांचं थेट प्रक्षेपणही त्यांच्या कक्षेत येत नाही. पण खासगी एफएमसाठीच्या सरकारच्या २०११ च्या, तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात स्थानिक स्वरूपाच्या क्रीडास्पर्धांच्या थेट समालोचनाला वाट मोकळी ठेवलेली आहे. म्हणजे वानखेडेवरचा सामना नाही, पण तुमच्या तालुक्याची कबड्डी चालते. बहुतेक स्टेशनं ही वाट वापरत नाहीत, कारण गाणी लावणं स्वस्त आणि बिनधोक. तुम्ही स्टेशनच्या माणसासमोर बसाल तेव्हा 'मला संधी द्या' म्हणू नका. आपल्या भागातल्या कोणत्या स्पर्धेला किती गर्दी होते, ती कोणत्या महिन्यात असते आणि प्रायोजक कोण असतो, हे कागदावर घेऊन जा. त्यांना आवाजापेक्षा प्रायोजक लवकर ऐकू येतो.

तिसरी जागा सामुदायिक रेडिओची. बारामतीची वसुंधरा वाहिनी, म्हसवडची माणदेशी तरंग, पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी ही त्यातली काही नावं. यांचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा, पैसा नाममात्र. पण निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावा, असं धोरणच असल्यामुळं शाळेच्या खो-खो सामन्याला इथं दरवाजा उघडा असतो. शिकायला याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही, कारण चुका पंधरा किलोमीटरच्या आतच राहतात.

एक खेळ पक्का करा

सगळे खेळ थोडे थोडे येणारा निवेदक मैदानावर खपतो, रेडिओवर खपत नाही. मी कबड्डीनं सुरुवात करा म्हणेन. कारण साधं आहे. चढाई तीस सेकंदांची. तेवढ्यात गोष्ट सुरू होते, वाढते आणि संपते. मी स्वतः मोजून पाहिलंय, सावकाश आणि स्पष्ट बोललं तर तीस सेकंदांत साठ-सत्तर शब्द बसतात. त्यातले दहा श्वासाला सोडा. उरलेल्या शब्दांत एक चढाई सांगायला जमली की बाकीचे खेळ तुम्हाला उसंत देतात असं वाटायला लागतं.

नव्या मुलांचं वर्णन साधारण असं असतं:

"आणि आता चढाईसाठी निघालाय धडाकेबाज, तडफदार, चपळ असा हा खेळाडू! काय चपळाई, काय पदलालित्य! आणि... ओहोहो! अप्रतिम! डोळ्यांचं पारणं फिटलं!"

पारणं त्याचं फिटलं, श्रोत्याचं नाही. तीच चढाई अशी सांगता येते (खेळाडूंची नावं इथं घातलेली नाहीत, माईकवर अर्थातच नाव हवं):

"तासगावचा सात नंबर चढाईला. समोर पाच जण, बोनस नाही. डाव्या कोपऱ्याकडं सरकला... पाय टाकला, मागं घेतला. दहा सेकंद गेली. आता उजवीकडं. निदान रेषा ओलांडली... कोपऱ्यानं झेप घेतली, घोटा धरला! सुटतोय... मधला आला, कंबरेला मिठी. मध्यरेषा हातभर लांब... शिट्टी! पकड. गुण पलूसला. तासगाव चौदा, पलूस तेरा."

यात एकही विशेषण नाही, तरी कान टवकारतात. क्रम लक्षात घ्या: कोण, समोर किती, कुठल्या बाजूला, वेळ किती गेला, काय घडलं, गुण कोणाला, गुणफलक काय. 'समोर किती' हा आकडा नवखे विसरतात आणि सगळा खेळ तर त्याच आकड्यावर उभा असतो. सहा किंवा सात बचावपटू असतील तरच बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा गुण. तीन किंवा त्याहून कमी असताना पकड झाली तर ती अव्वल पकड, म्हणजे एक गुण जादा. सगळे बाद झाले तर लोण, वरचे दोन गुण. श्रोत्याला फक्त 'समोर दोघेच' एवढं कळलं तरी तो उठून बसतो.

उजवा-डावा कोणाच्या नजरेतून, हे सामन्याआधीच ठरवा. कबड्डीत रिवाज बचाव करणाऱ्या संघाच्या नजरेचा आहे. उजवा कोपरारक्षक म्हणजे त्यांचा उजवा. तुम्ही एकदा चढाईपटूच्या नजरेतून आणि एकदा बचावाच्या नजरेतून बोललात तर श्रोत्याच्या डोक्यातलं मैदान गरगर फिरतं. हे दुखणं जुनंच आहे. २२ जानेवारी १९२७ ला आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड या फुटबॉल सामन्याचं धावतं वर्णन बीबीसीनं केलं, तेव्हा मैदानाचे आठ चौकोन पाडलेला नकाशा आधी छापून लोकांच्या हातात दिला होता. समालोचक बोलत असताना शेजारी बसलेला दुसरा माणूस चेंडू कितव्या चौकोनात आहे तो आकडा पुकारायचा. आपल्याला नकाशा छापायचा नाही, पण सामना सुरू होताना अर्ध्या मिनिटात एक नकाशा श्रोत्याच्या डोक्यात काढून द्यायचा: "मी मध्यरेषेच्या टोकाला बसलोय. माझ्या डाव्या हाताला तासगाव, उजव्या हाताला पलूस, समोर पाण्याची टाकी." टाकी कशाला, असं कोणी विचारेल. टाकी गावातल्या सगळ्यांना माहीत असते, आणि तिथून पुढं त्यांना मैदान आपोआप दिसायला लागतं.

गुण सांगा, परत सांगा

अमेरिकेत ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे रेडिओ समालोचक रेड बार्बर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचे. वाळू खाली आली की ते धावसंख्या सांगायचे आणि घड्याळ उलटं करायचे. ही युक्ती मला फार उशिरा कळली आणि कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली. तुमचं समालोचन कोणीही पहिल्यापासून ऐकत नसतं. कोणी रिक्षात बसलेला असतो, कोणी दूध घालून आत्ताच घरी आलेला. त्याचा पहिला प्रश्न एकच, किती झालं? उत्तर लवकर मिळालं नाही तर तो स्टेशन बदलतो.

कबड्डीत प्रत्येक चढाईनंतर दोन्ही संघांची नावं घेऊन गुण सांगा. 'चौदा-तेरा' एवढंच नको, 'तासगाव चौदा, पलूस तेरा'. क्रिकेटमध्ये षटक संपलं की संपूर्ण धावफलक आणि मधेही एकदा. दर पाच-सात मिनिटांनी कुठली स्पर्धा, कुठलं मैदान, कितवी फेरी. तुम्हाला ते कंटाळवाणं वाटेल. वाटू द्या.

माझी एक फजिती सांगतो. एका उपांत्य सामन्यात एका संघाचा गणवेश गडद निळा आणि दुसऱ्याचा काळा होता. रात्रीची वेळ, हॅलोजनचा पिवळा उजेड. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात हे मला पाठ होतं, पण डोळ्यांना नव्हतं. उत्तरार्धाची पहिली चार मिनिटं मी एकाचे गुण दुसऱ्याला देत होतो, तेही मोठ्या उत्साहात. शेवटी गुणलेखकानं माझ्या मांडीवर पेन टोचला. तेव्हापासून एक नेम आहे: समोरच्या कागदाच्या डावीकडं डाव्या संघाची यादी, उजवीकडं उजव्या, आणि मध्यंतराची शिट्टी वाजली की हातातलं पाणी खाली ठेवून आधी दोन्ही याद्यांची जागा बदलायची. गणवेश सारखे असतील तर एकाच्या यादीवर लाल पेन्सिलीनं रेघ मारायची. आणि चूक झाली तर लगेच, एका वाक्यात दुरुस्त करायची: "मघाचे दोन गुण पलूसचे, माझी चूक झाली." लांबलचक माफी मागण्यात पुढची चढाई निघून जाते.

सामन्याआधीचे दोन तास

रेडिओचं निम्मं काम माईक सुरू होण्याआधी होतं. एक तास आधी नाही, दोन तास आधी पोहोचा. पहिलं काम नावांचं. आयोजकांच्या यादीवर विश्वास ठेवू नका, ती कोणीतरी फोनवर ऐकून घाईत लिहिलेली असते. प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाकडं जा आणि आडनावं त्यांच्या तोंडून म्हणवून घ्या. आडनाव चुकलं की घरी रेडिओला कान लावून बसलेली आख्खी भावकी दुखावते, आणि ती भावकी तुम्हाला पुढच्या जत्रेत गाठते.

मी एका खेळाडूमागं एकच ओळ लिहितो. नंबर, नाव, गाव, जागा आणि एखादी खूण: 'डावरा', 'उसाच्या फडात काम करून सरावाला येतो', 'गेल्या वर्षी गुडघा दुखावला होता'. खेळ थांबला, कोणी टाइम आउट घेतला की हीच ओळ तुम्हाला तारते. पण यादीतली प्रत्येक ओळ वापरलीच पाहिजे असं नाही. मी तर सामन्यात चौथा हिस्साही वापरत नाही.

जागा मध्यरेषेच्या सरळ टोकाला, शक्य तर दोन फूट उंचावर मागा. क्रिकेटला गोलंदाजाच्या पाठीमागून, म्हणजे चेंडू कुठं वळला ते दिसतं. आयोजक तुम्हाला मान्यवरांच्या कोचाशेजारी बसवायला बघतील, तिथून फक्त मान्यवर दिसतात. हात जोडून नाही म्हणा. मान्यवरांचा मुद्दा निघालाच आहे तर हेही सांगून ठेवतो. प्रमुख पाहुणे अंतिम सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांतच येतात, असा माझा अनुभव आहे. मैदानावरच्या निवेदकाला त्यांचं स्वागत करावंच लागतं. रेडिओच्या समालोचकानं करायचं नसतं, आणि हे आयोजकांशी आधीच बोलून घ्यायचं असतं. दोन्ही कामं एकाच माणसानं, एकाच माईकवर करायची वेळ येऊ देऊ नका. सुरुवातीला पैसे वाचवायला तसं सुचवलं जातंच.

साहित्य फार लागत नाही. कान पूर्ण झाकणारा हेडफोन, कारण गर्दीत स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओरडायला लागतो. माईकवर फोमची टोपी, नाहीतर वारा फडफडतो. तोंड आणि माईक यांत चार बोटांचं अंतर. स्टुडिओशी जोडणी बहुतेक ठिकाणी मोबाइलवरूनच असते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवा. गावात स्पर्धेच्या रात्री सगळं गाव व्हिडिओ पाठवत असतं, नेटवर्क बसतं. पेन नको, पेन्सिल. दव पडलं की शाई पसरते. मैदानाच्या आवाजासाठी वेगळा माईक मिळाला तर सोनं, आणि तो मिळाला की त्याला बोलू द्या. पकड झाल्यावर दोन सेकंद गप्प बसलात, तर श्रोत्याला गर्दीच्या आवाजावरूनच कळतं काय झालं ते.

कुस्तीचं प्रकरण वेगळं

कुस्ती निवेदन ही स्वतंत्र परंपरा आहे. कोथळीच्या शंकर पुजारींसारख्या निवेदकांनी तिला मान मिळवून दिला. मैदानातल्या निवेदकाकडं पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद, आधीच्या जोडी सगळं तोंडपाठ असतं. रेडिओवर जाणाऱ्यानं हे भांडार जरूर घ्यावं. पण लाल मातीत एक अडचण आहे: गुणफलक नसतो. निकाली कुस्तीत चितपट होईपर्यंत आकडाच नाही. मग श्रोत्याला धरून कसं ठेवायचं?

तीन गोष्टी सतत सांगायच्या. किती मिनिटं झाली. वर कोण, खाली कोण. आणि हात कुठं आहेत. खडाखडी, म्हणजे उभ्यानं एकमेकांची चाचपणी, चालू असताना वेळ असतो, तेव्हा तालमीचं आणि वस्तादांचं बोला. पट काढला, कब्जा घेतला की बाकी सगळं सोडा आणि फक्त हात-पाय सांगा: "खाली बसवला... उजवा हात मानेवरून, डावा लांघेत... घिस्सा मारायला बघतोय... खालच्यानं कोपर रोवलंय, हलत नाही." डावांची नावं पक्की पाहिजेत. धोबीपछाड, ढाक, एकलंगी, मोळी, लपेट, कलाजंग हे ऐकून ऐकून नाही, तालमीत जाऊन शिका. मी एका तालमीत दोन महिने पहाटे नुसता कट्ट्यावर बसून राहिलो. एका वस्तादांना रोज एक डाव दोन पोरांकडून सावकाश करून दाखवायची विनंती केली. पहिले चार दिवस त्यांनी माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. पाचव्या दिवशी म्हणाले, "नाव घेतोस ते ठीक, पण ढाक कशाला म्हणत्यात ते अंगाला कळलं पाहिजे," आणि मलाच मातीत घेतलं. तीन दिवस मान वळत नव्हती, पण त्यानंतर ढाक सांगताना मी कधी अडखळलो नाही.

डाव ओळखता आला नाही तर नाव ठोकून देऊ नका. 'पाय अडकवून मागं पाडलं' एवढं सांगा. कुस्ती ऐकणारी माणसं डावाचं चुकीचं नाव एक वर्ष विसरत नाहीत.

भाषा कोणती?

रेडिओवरच्या मराठी क्रिकेट समालोचनाला स्वतःचे शब्द मिळाले ते बाळ ज. पंडितांच्या पिढीमुळं. स्वतः क्रिकेट खेळलेला माणूस असल्यामुळं त्यांची मराठी पुस्तकी वाटत नसे. आज तुम्ही काय करायचं? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. 'पायचीत', 'धावबाद', 'यष्टिचीत', 'षटक', 'षटकार' हे शब्द जिवंत आहेत, लहान आहेत आणि कानाला नीट ऐकू येतात. ते वापरा. पण गावचा गोलंदाज 'यॉर्कर' म्हणतो आणि गावचा श्रोताही 'यॉर्कर'च म्हणतो. तिथं शब्दकोश काढत बसू नका. कबड्डीत चढाई, पकड, लोण, निदान रेषा हे तर आपल्याच मैदानातले शब्द. तिथं 'रेड' आणि 'टॅकल' म्हणणारा मला उपरा वाटतो.

मुलींच्या सामन्यात आणखी एक सवय सोडा. प्रत्येक खेळाडू 'रणरागिणी' आणि 'दुर्गेचा अवतार' असते, असं समालोचन मी पुष्कळ ऐकलंय. तिला नाव आहे, नंबर आहे, तिनं घोटा धरलाय. तेवढं सांगा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. त्यानंतर शाळाशाळांतून खो-खोचे सामने ऐकायला माणसं मिळू लागली आहेत असं मला तरी दिसतं. खो-खो रेडिओवर अवघड आहे, कारण खेळाडू नजरेपेक्षा वेगानं पळतात. तिथं प्रत्येक खो सांगायला जाऊ नका. कोण धावतंय, ती किती वेळ टिकली आणि खुंटावर काय झालं, एवढंच पकडा.

घरी सराव

कबड्डीचा जुना सामना मोबाइलवर आवाज बंद करून लावा आणि दुसऱ्या फोनवर स्वतःला ध्वनिमुद्रित करा. दहा मिनिटं पुरे. मग त्यातलं एक मिनिट शब्दन् शब्द कागदावर उतरवा. हे काम किळसवाणं आहे, पण 'आणि आता', 'तर मित्रहो', 'आपण पाहत आहात' किती वेळा आलं ते तेव्हाच दिसतं. माझ्या पहिल्या मिनिटात 'जबरदस्त' सात वेळा होतं.

दुसरी चाचणी माझ्या मावशीनं लावून दिली. ती स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत. पाच मिनिटं बोलून झालं की ती आतून तीन प्रश्न विचारायची: किती गुण झाले, कोण पुढं आहे, शेवटची पकड कुठं झाली? एकाचंही उत्तर तिला आलं नाही तर माझा त्या दिवशीचा चहा बंद. तुमच्याकडं मावशी नसेल तर खेळातलं काहीच न कळणारं कोणीही चालेल. खेळ कळणारा मित्र नको, तो तुमच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो.

आवाजासाठी फार औषधं करू नका. सामन्याआधी कोमट पाणी, मध्यंतराला बर्फाचं सरबत नाही. उत्साह दाखवायला आवाज चढवण्यापेक्षा वेग वाढवा. पहिल्याच मिनिटात टिपेला गेलात तर शेवटच्या चढाईला वर जायला जागा उरत नाही.

जोडीदाराबरोबर माईक वाटायलाही शिका. भारतात रेडिओवर क्रिकेटचं धावतं वर्णन रुजवणारे बॉबी तल्यारखान, १९३४ च्या मुंबईच्या चौरंगी सामन्यांपासून दिवसभर एकटेच बोलत, आणि दुसऱ्याबरोबर माईक वाटून घेणं त्यांना कधी रुचलं नाही. ते तल्यारखान होते. तुम्ही-आम्ही दर वीस मिनिटांनी माईक सोडावा, सोडताना गुण सांगून सोडावा, आणि दुसऱ्याचं वाक्य त्याला पूर्ण करू द्यावं.

तोंडातून काय जाऊ द्यायचं नाही

टेनिस बॉलच्या मोठ्या स्पर्धांच्या आजूबाजूला पैज लावणारे असतात. तुमच्याकडं येऊन 'कोण जिंकेल असं वाटतंय' असं गोड विचारतील. माईकवर आणि माईकबाहेर, दोन्हीकडं गप्प राहा. खेळपट्टी कशी आहे, कोणाचा हात दुखतोय, हे सामना सुरू होण्याआधी चहाच्या टपरीवर बोलायचं नाही.

पंचांनी दिलेला निर्णय सांगायचा, निवाडा करायचा नाही. मैदान तापलेलं असतं, आणि रेडिओवरचं वाक्य त्याच मैदानात कोणाच्या तरी मोबाइलवर वाजत असतं.

सगळ्यांत जपायची गोष्ट म्हणजे दुखापत. मुलगा पडला, उठत नाही. 'पाय मोडलेला दिसतोय' हे तुम्ही म्हणालात तर घरी रेडिओपाशी बसलेल्या आईला ते आधी कळतं, आणि कदाचित ते खरंही नसतं. "खेळ थांबलाय, वैद्यकीय मदत मैदानात आली आहे," एवढंच सांगा आणि गुणफलकाकडं वळा. तो उठून बसला की मग पहिलं वाक्य त्याचंच.

पैशाचं आणि आकाशवाणीचं

माझं पहिलं मानधन म्हणजे नारळ, शाल आणि एक वडापाव. शाल अजून आहे. तुम्ही तसं करू नका. किती दिवस, रात्री किती वाजेपर्यंत, जाण्यायेण्याचं कोण बघणार, जेवण आहे का, पाऊस पडून सामना रद्द झाला तर काय, हे आधी विचारा, आणि मोबाइलवर का होईना लिहून घ्या. निम्मे पैसे आधी मागायला लाजू नका. स्पर्धा संपल्यावर आयोजक फोन उचलत नाहीत असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय. फक्त समालोचनावर घर चालेल असं समजून नोकरी सोडू नका. हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या जत्रांपर्यंत चालतो. पावसाळ्यात हाताला काम नसतं. आमच्यातले बरेच जण शिक्षक आहेत, काही विमा एजंट, एक जण पिठाची गिरणी चालवतो. एफएमवर नोकरी मिळाली तरी सकाळी दोन मिनिटांचं क्रीडासदर आणि उरलेला दिवस जाहिराती गोळा करणं, अशी वाटणी निघू शकते. मुलाखतीत हे सरळ विचारून घ्या.

आकाशवाणीची केंद्रं नैमित्तिक निवेदकांसाठी अधूनमधून जाहिरात काढतात. लेखी परीक्षा आणि आवाज चाचणी असते. महिन्याला मोजकेच दिवस काम मिळतं, पण तिथली शिस्त आयुष्यभर पुरते. चाचणीत आपल्या भागातली पोरं 'न' आणि 'ण'वर अडकतात, आणि 'च' आणि 'ज'वर. 'चाक' आणि 'चार' यांतला 'च' एक नाही, 'जग' आणि 'जीव' यांतला 'ज' एक नाही. रोज वर्तमानपत्राचा एक स्तंभ मोठ्यानं वाचा, आणि तोही क्रीडापान सोडून. क्रीडापान तुम्ही सवयीनं पळवाल, बाजारभावाच्या पानावर जीभ अडखळते. बोलीचं काय, असं विचाराल तर चाचणीला प्रमाण मराठी, आणि कुस्तीच्या फडावर आपली. दोन्ही येणाऱ्याला जास्त कामं मिळतात.

नमुना कसा पाठवायचा? तीन मिनिटं, त्याहून एक सेकंद जास्त नाही. मागं गाणं नको, सुरुवातीला ओळखीचं भाषण नको. थेट सामन्यातला तुकडा घ्या, आणि तोही अटीतटीच्या शेवटाचा नको, कारण तिथं कोणाचाही आवाज चांगला लागतो. पूर्वार्धातला, दोन रिकाम्या चढायांचा, काहीच न घडणारा तुकडा निवडा. ऐकणाऱ्याला तीन मिनिटांनी गुण सांगता आले तर ते तुम्हाला फोन करतील. फाइलला नाव देताना त्यात स्वतःचं नाव, खेळ, गाव आणि मोबाइल नंबर घाला. स्टेशनवाल्यांच्या फोनमध्ये 'नवीन रेकॉर्डिंग एक' नावाच्या फाइल ढिगानं पडलेल्या असतात.